चौथी दोरी

तंबूला ठिगळ लावायचं होतं, एवढंच काम. पण टेलरिणीने तो दुकानाच्या फरशीवर पसरला तेव्हा अर्धं दुकान झाकलं गेलं, आणि फ्रॉक न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच अडलं. "उद्या या हो," ती म्हणाली, "आज तंबूचं माप घेतेय." गिऱ्हाईक हसत परत गेलं. टेलरिणीला काही हसू आलं नाही. जाड कापड मशीनखाली सरकवताना तिला सारखं वाटत होतं, की आता दारातून कॅप्टन डोकावेल आणि ओरडेल, "ठिगळे, तंबू शिवतेस की गोधडी?"

कॅप्टन म्हणजे शाळेची व्हॅन चालवणारी. बावीस वर्षं चालवली. बाई उंच, आडव्या हाडाची, आणि आवाज असा, की मागच्या सीटवरचं पोर मुकाट पट्टा लावायचं. त्याच शाळेत मास्तरीण गणित शिकवायची, त्याच शाळेचे गणवेश टेलरीण शिवायची, आणि सिस्टर दवाखान्यात नर्स, राहायला कॅप्टनच्या खालच्या मजल्यावर. अशी ही चौघींची गट्टी. शाळेला सुट्टी लागली की व्हॅनच्या मागच्या सीटा काढायच्या, तिथे तंबू आणि अंथरुणं टाकायची, आणि समुद्राच्या कडेकडेने तीन दिवस भटकायचं. नवरे, मुलं, सुना सगळे घरी. "तीन दिवस कुणाची आई नाही, कुणाची सासू नाही," असं कॅप्टन गाडी सुरू करता करता जाहीर करायची. चौदा वर्षं हा नेम चुकला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी कॅप्टन गेली. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला सिस्टरने दवाखान्यातून फोन केला होता. "ये गं, तुला विचारतेय ती." टेलरिणीपुढे चाळीस फ्रॉक पडले होते, दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती. "एवढ्या कडा दुमडते आणि चारला येते," ती म्हणाली. कॅप्टन साडेतीनला गेली. नेमकी तेव्हाच सिस्टरही डॉक्टरांना बोलवायला धावली होती, त्यामुळे खोलीत चिटपाखरू नव्हतं. बावीस वर्षांत जिने कुणाच्या पोराला गाडीत क्षणभर एकटं बसू दिलं नाही, ती एकटी गेली.

हे टेलरिणीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. रागावून गेली का माझ्यावर? आणि आता जिथे कुठे असेल, तिथेही एकटीच असेल का? विचारणार कुणाला? असल्या प्रश्नांना घरात उत्तर मिळत नाही, मिळतो तो चहा.

मग एक दिवस कॅप्टनची लेक व्हॅनची किल्ली घेऊन दुकानात आली. "मावशी, गाडी विकायची ठरवलीय. त्याआधी एकदा तुम्ही तिघी जाऊन या." टेलरिणीने किल्ली घेतली, आणि पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला नाव घातलं. नवरा म्हणाला, घोडी म्हातारी झाल्यावर लगाम कशाला? त्याला दोन दिवस गार जेवण मिळालं.

तर अशा त्या तिघी निघाल्या. टेलरीण गाडी चालवत होती, सिस्टर "डावीकडे, अगं डावीकडे" करत होती आणि मास्तरीण मागे डोळे मिटून पाढे म्हणत होती. रस्त्याच्या एका बाजूला नारळाची झाडं आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मध्ये लहानसे पूल. पुलाच्या तोंडाशी टेलरीण इतकी सावकाश व्हायची, की मागून सायकलवाले ओलांडून जायचे. चहाच्या टपरीवर तिघींनी सवयीने चार चहा सांगितले, आणि चौथा कोणी पिईना म्हणून तो तसाच गार झाला. पहिला मुक्काम ठरलेला असायचा, सुरूच्या बनापुढची वाळू. तिथे पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं.

आता तंबू उभारायचा. तंबूला चार कोपरे, चार दोऱ्या. पलीकडच्या दोन दोऱ्या मास्तरिणीने ओढायच्या आणि सिस्टरने बांधायच्या. अलीकडच्या दोन कॅप्टनने ओढायच्या आणि टेलरिणीने बांधायच्या, कारण गाठीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोरी खुंटीला वळसा घालून यायची, ओढणारी मोकळं टोक धरून मागे रेलायची, आणि बांधणारीने "सोड" म्हटल्याशिवाय हात ढिला करायचा नाही, हा कायदा. एका वर्षी मास्तरिणीने आधीच सोडलं, तर अख्खा तंबू सिस्टरच्या डोक्यावर बसला होता. तेव्हापासून कायदा आणखी कडक झाला होता.

पलीकडच्या दोन दोऱ्या झाल्या तशी मास्तरीण हात झटकत अलीकडे आली. "दे, ओढते मी."

"नको."

"अगं, ओढणार कोण मग?"

"मीच ओढीन आणि मीच बांधीन. ती जागा तिची आहे. तिथे कुणी उभं राहायचं नाही."

"काय हा हट्ट!" मास्तरीण म्हणाली, पण तिने पुढे हात केला नाही. सिस्टरने तिला कोपराने ढोसलं होतं.

तिसरी दोरी टेलरिणीने गुडघ्याखाली दाबून, दातात धरून कशीबशी ताणली. चौथी समुद्राकडची. तिला काही केल्या ताण येईना. ओढायला जावं तर गाठ सुटायची, गाठ धरावी तर दोरी सैल व्हायची. शेवटी एक कशीतरी गाठ मारून ती उठली. दोरी झोळीसारखी लोंबत होती. टेलरिणीने तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि आत जाऊन कंदील लावला.

उकडलेली अंडी, पाव आणि केळी, असं जेवण झालं. गप्पा कॅप्टनच्याच निघाल्या. ती डुलकी लागलेल्या पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या द्यायची ते, आणि हेडमास्तरांनाच व्हॅनमध्ये पट्टा लावायला लावला होता ते. हसता हसता सिस्टरने डोळे पुसले. बाहेर उजेड पुरता गेलाही नव्हता, पण समुद्रावरून खारं धुकं चढत आलं होतं. वारा पडला. लाटांचा आवाज कुणी दार लोटून घ्यावं तसा दूर गेला. तंबूत ओल्या दोरखंडाचा आणि कंदिलाच्या काजळीचा वास कोंडला. सात वाजून गेले होते. गाडीच्या दणक्यांनी अंग आंबलं होतं, म्हणून तिघी लवकरच आडव्या झाल्या.

आणि मग पलीकडच्या कोपऱ्यात दोरी वाजली.

टण्ण.

तिघींनी तो आवाज ओळखला. न ओळखून कसं चालेल? चौदा वर्षं ऐकलेला. तंबू उभा राहिला की कॅप्टन निजायच्या आधी बाहेरून एक फेरी मारायची आणि प्रत्येक दोरी बोटाने छेडून बघायची. पोरांचे पट्टे तपासायची सवय, ती इथेही सुटली नव्हती. चौथी दोरी वाजली की बाहेरूनच "झोपा आता!" असं ओरडायची, आणि आतून तिघींनी "हो" म्हणायचं.

"वारा असेल…" मास्तरीण पुटपुटली.

"वारा कुठाय?" सिस्टर म्हणाली.

टण्ण. ही दुसरी. बाहेर पावलांचा आवाज नव्हता. पण तंबूच्या कापडावरून काहीतरी सरकत येत होतं, भिंतीला हात लावत अंधारात चालावं तसं. सिस्टरच्या उशाजवळ कापड जरासं आत दबलं, मग टेलरिणीच्या पायांशी दबलं. सिस्टरने तोंडात पदर कोंबला. तिने उभ्या आयुष्यात शेकडो माणसं जाताना पाहिली होती, पण परत आलेलं एकही पाहिलं नव्हतं.

टण्ण. तिसरी. टेलरिणीने दातात धरून ताणलेली.

मग तिघी चौथीची वाट पाहू लागल्या. श्वास रोखून, किती वेळ कोण जाणे. चौथी वाजली नाही.

बाकीच्या दोघी भीतीने गारठल्या होत्या. टेलरिणीला मात्र भीती वाटली नाही, वाईट वाटलं. अगदी लहान पोरीला वाटावं तसं, सगळ्यांना गोळी दिली आणि मला नाही.

"माझी चौथी नाही वाजवली," ती म्हणाली.

"गप गं… हळू…"

"बाकी तिन्ही वाजवल्या. चौथी तेवढी सोडून दिली. म्हणजे रागावलीच आहे." ती उठून बसली. "रागावली असेल तर तोंडावर रागवू दे. मी बाहेर जाते."

"अगं, वेडी की खुळी तू!" सिस्टरने तिचा हात धरला. "दोरी सैल आहे, म्हणून वाजली नाही. सकाळी बांध. बाहेर जाऊ नकोस… माझं ऐक…"

"त्या दिवशी फोनवर तू 'ये' म्हणालीस, तेव्हा ऐकायला हवं होतं," टेलरीण म्हणाली. सिस्टरचा हात आपोआप सुटला.

बाहेर धुकं इतकं दाट होतं, की चार पावलांवरून तंबू नुसता एक पिवळा डाग दिसत होता. टेलरीण चाचपडत चौथ्या खुंटीशी गेली आणि ओल्या वाळूत गुडघे टेकून बसली. तिने आपली ती गचाळ गाठ सोडली. मोकळं टोक वाळूत पडलं. ते उचलायला तिने हात पुढे केला, तोच ते उचललं गेलं.

दोरी हळूहळू ताठ झाली. समुद्राच्या बाजूला, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर. दोन हातांपुढे ती धुक्यात दिसेनाशी होत होती. त्या टोकाला कोण आहे ते दिसत नव्हतं, पण ओढ अगदी ओळखीची होती. एकदा जोरात, मग जरा दम घेऊन पुन्हा एकदा, आणि मग सगळं वजन मागे टाकून. धुक्यातून डिझेलचा आणि पेपरमिंटचा वास आला.

टेलरिणीची बोटं आपणहून चालू लागली. एका हाताने तिने दोरी पकडली, दुसऱ्याने वळसा, आतून दुमड, वरून पीळ. हात बर्फासारखे झाले होते, तरी गाठ बसली. चौदा वर्षांत अशी बसली नव्हती.

"चाळीस फ्रॉक होते गं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, चारला येते म्हटलंय, तर तू चारपर्यंत थांबशील. तू कधी कुणाला टाकून गाडी काढली नाहीस ना… म्हणून वाटलं." नाक पुसून ती पुन्हा म्हणाली, "रागावलीस?"

धुकं तसंच होतं. दोरी तशीच ताठ होती.

"बसली गाठ. सोड आता."

दोरी सुटली नाही.

"सोड ना गं…" आता मात्र टेलरिणीच्या मानेवर काटा आला. ओढ थोडी वाढली होती. ती समुद्राकडे होती, आणि टेलरिणीचे गुडघे वाळूत इंचभर पुढे सरकले होते. "सोड म्हटलं की सोडायचं. कायदा आहे आपला…"

धुक्यातून आवाज आला. अगदी जवळून आला आणि त्यात हसू होतं, मागच्या आरशात बघून बोलताना असायचं तसं.

"आधी तू, ठिगळे."

टेलरिणीने खाली पाहिलं. गाठ केव्हाच झाली होती. पण गाठीतून धुक्याकडे गेलेली दोरी मध्येच तिच्या डाव्या मुठीला दोन वेढे घालून करकचून आवळलेली होती, आणि मूठ पांढरी पडली होती. हे वेढे तिने कधी घेतले, तिला आठवेना. तिने एक वेढा सोडवला. मग रडत रडत दुसरा. मग बोटं उघडली.

दोरीचं टोक हलकेच वाळूवर आलं. क्षणभर काही नाही. आणि मग तिच्या गालाजवळ, वाऱ्यावाचून, हाताच्या अंतरावर, चौथी दोरी वाजली. टण्ण.

"झोपा आता!"

टेलरीणच कशीबशी "हो" म्हणाली.

ती आत आली तेव्हा दोघींनी तिला मध्ये घेतलं, शालीत गुंडाळलं आणि तिचे हात चोळले. मास्तरिणीने टेलरिणीच्या पायांची वाळू झटकली.

"रागावली नव्हती गं," टेलरीण म्हणाली. छातीवरचा एक दगड उतरला होता, पण दुसरा तिथेच होता. "पण ती एकटीच होती. एवढ्या धुक्यात… एकटीच परत गेली."

कंदिलाची वात सिस्टरने मोठीच ठेवली. तिघी एकमेकींचे हात धरून पडून राहिल्या.

थोड्या वेळाने दूर कुठेतरी वाजलं. टण्ण.

मास्तरिणीने मान उचलली. पुन्हा वाजलं, मग आणखी एकदा, मग चौथ्यांदा. आवाज समुद्राच्या बाजूने येत होता.

"तिकडे तंबू नाहीत," मास्तरीण कुजबुजली. "तिकडे तर वाळूही नाही. पाणी आहे गं तिकडे…"

त्याच्याही पलीकडे आणखी चार दोऱ्या वाजल्या, आणि त्याच्याही पलीकडे आणखी चार. बारीक होत होत ते वाजणं थांबलं. मग धुक्यातून, खूप आतून, कॅप्टनची हाळी आली. "झोपा आता!"

आणि पाण्यावरून कितीतरी गळे एकदम, दमलेल्या, समजूतदार आवाजात म्हणाले, "हो."