गैरहजराचे पत्ते

डोंबिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला क्लबहाउसमधले कॅरम भिंतीला लागत आणि गोल टेबलावर हिरवं कापड पसरलं जाई. पोकरची स्पर्धा. पैसे लावायचे नाहीत, हा दर्शनाताईंचा नियम. प्लास्टिकच्या चिप्स, वडापाव, आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला करंडक. दर्शनाताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यादी, घड्याळ आणि पत्ते वाटणं, तिन्ही त्यांच्याकडे.

मृणाल माजिवड्याहून पोचली तेव्हा आठजण बसले होते. तिच्या समोरची खुर्ची रिकामी होती, पण त्या खुर्चीपुढेही चिप्स रचलेल्या.

"हे कुणाचं?"

"अगं, तुझ्या बाबांचं," दर्शनाताई म्हणाल्या. "महिपतकाकांनी तीन महिन्यांचं नाव एकदमच दिलंय. येतायत ना टिटवाळ्याहून?"

"नाही येणार."

"मग नेहमीचा नियम. नाव यादीत आहे, तर पत्ते वाटायचे."

गैरहजर माणसालाही दोन पत्ते मिळत आणि लगेच बाद होत. दर डावाआधी पाळीपाळीने काही चिप्स सक्तीने मधे टाकायच्या असत; त्याची पाळी आली की त्या तेवढ्या जात. तासा-दोन तासांत त्याची चवड आपोआप संपे.

बाबा गेले, एवढं मृणालला सांगता आलं असतं. पण पुढचा प्रश्न "कधी?" असता, आणि उत्तर होतं: गेल्या स्पर्धेच्या दिवशी, आपण सगळे इथे बसलेलो असताना. करंडक त्या दिवशी तिनेच नेला होता.

त्या दिवसाचा एक डाव महिनाभर तिच्या डोक्यात चालू होता. तिच्या हातात दोन गुलाम. प्रितमने सगळ्या चिप्स पुढे लोटलेल्या. तो थापा मारतोय की नाही, हे ती ताडत होती. मांडीवरचा फोन थरथरला. 'बाबा.' तिने लाल बटण दाबलं, चिप्स पुढे सरकवल्या आणि तो शेवटचा डाव जिंकला. निर्णय बरोबर होता, कितीही वेळा तपासला तरी बरोबरच. वीस मिनिटांनी, परतीच्या वाटेवर, बाबांच्या शेजारच्या विमलाबाईंचा फोन आला. बाबा खुर्चीत होते, फोन हातात.

"पर्समध्ये होता गं माझा फोन, कळलंच नाही," असं तिने घरच्या सगळ्यांना सांगितलं. भाऊ साईनाथलाही. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "तुझा काय दोष?" तो हात तिला अजून जड लागत होता.

कापलेला फोन पलीकडे नुसता व्यस्त वाजतो. मुलगी दुसऱ्या कुणाशी बोलतेय असं बाबांना वाटलं असेल, की तिने आपल्याला कापलं हे समजलं असेल? तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

पहिला तास नेहमीसारखा गेला. मग प्रितम म्हणाला, "काय मृणाल, तुझे बाबा न येता जिंकायला लागले की! आम्ही इथे घाम गाळतोय."

सगळे हसले. मृणालने समोर पाहिलं. चवड होती तेवढीच होती. कुणाच्या लक्षात न येता तसं होऊ शकतं, तिने मनाशी म्हटलं. त्यांच्या सक्तीच्या चिप्सवर कुणी बोली केली नाही, तर त्या परत त्यांच्याकडेच जातात. कधीकधी होतं असं. नऊ वेळा ओळीने होत नाही.

जेवणाच्या वेळेपर्यंत टेबलावर, रिकामी खुर्ची धरून, चौघं उरले. दर्शनाताई आता रिकाम्या खुर्चीपुढचे पत्ते लगेच उचलत नव्हत्या. आधी जरा थांबत, मान किंचित कलती करून, वर्गात एखाद्या हळू मुलाच्या उत्तरासाठी थांबावं तशा.

प्रितम बाद झाला. वडापावचा कागद चुरगाळत म्हणाला, "चला, आता बाप-लेकीचं काय ते बघा," आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग शेवटचा माणूसही उठला.

समोर ती खुर्ची.

पत्ते तिला बाबांनीच शिकवले होते. मेंढीकोट. त्यात समोर बसतो तो भिडू. पोकरमध्ये भिडू नसतो, हे बाबांच्या कधी पचनी पडलं नाही. समोर मृणाल असली की ते चांगले पत्तेही टाकून देत. "हे चीटिंग आहे, बाबा!" असं ती त्यांना चारचौघांत बोलली होती. त्यावर ते नुसते हसले होते.

दर्शनाताईंनी दोघांना पत्ते वाटले. मधे तीन पत्ते उघडे केले.

"काकांचा चेक," त्या म्हणाल्या.

चेक म्हणजे मी काही लावत नाही, तू बोल. टेबलावर बोटांनी दोनदा वाजवलं की चेक.

"ताई, त्यांचे पत्ते बाद ना? गैरहजर आहेत."

"वाजवलं ना त्यांनी," दर्शनाताई सहज म्हणाल्या.

मृणालने मागे वळून प्रितमकडे पाहिलं. तो जांभई देत होता.

तिनेही टेबल वाजवलं. चौथा पत्ता उघडला. या वेळी तिलाही ऐकू आलं. कापडावर दोनदा, नखाचा बोथट आवाज.

"चेक. बोल मृणाल."

पाचवा पत्ता. पुन्हा तेच दोन आवाज.

हातात काय आहे हे तिने पाहिलंही नव्हतं. फिनेलचा वास येत होता. पंखा फिरत होता.

"बोल," दर्शनाताई म्हणाल्या.

"बाबा," ती म्हणाली. आवाज फार हळू आला. "फोन पर्समध्ये नव्हता. मी बघितला होता. मी कट केला."

पुढे काहीच वाजलं नाही.

तिने मान वर केली. दर्शनाताई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या समोरच्या खुर्चीकडे पाहत होत्या, आणि पाहता पाहता त्यांचा स्वतःचा चेहरा उतरत गेला.

"अगं," त्या कुजबुजल्या, "त्यांना हे माहीत नव्हतं."