उशिराच्या वहीतलं नाव

या, जरा पुढं सरकून बसा. मागच्यांनाही टेकायला जागा होऊ द्या. देवाचं नाव घ्या आणि एक गोष्ट ऐका. गोड आहे, पण थोडी हुरहूर लावेल.

ऋतुजा परभणीजवळच्या झरी गावची. कृषीची पदवी झाली, पुढं शिकायला आयर्लंडला जायचं, त्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा. दोनदा दिली, दोनदा अर्ध्या गुणानं हुकली. तिसरी आठ दिवसांवर आली होती. ही गेली तर कॉलेजातली जागाही जाणार.

परभणीच्या क्लासात सराव परीक्षेसाठी ती मागच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. टेबलापलीकडे परीक्षक म्हणून बसलेला शिवकांत! तिच्याच शाळेतला, दहावीनंतर कधी न दिसलेला.

"बस," तो म्हणाला. "इथं ओळख दाखवायची न्हाई हं."

"दाखवायलंय कोण?"

त्यानं हसू दाबलं, कार्ड उचललं आणि इंग्रजीत विचारलं. आपण ते आपल्या बोलीत ऐकू. शाळेत काय नियम होते? तू कधी एखादा मोडलास का?

ऋतुजा घडाघडा सुरू झाली. गणवेश, शिस्त, मोबाईलबंदी… शिवकांतनं पेन खाली ठेवला.

"हे क्लासच्या सरांच्या नोट्समधलं हाय. सकाळपासून चौघींनी हेच ऐकवलं. म्हणून तर अर्धा गुण जायलाय तुझा. खरं सांग की."

"खरं सांगायला इंग्रजी पुरत न्हाई."

"पुरंल. सांगून तर बघ."

मग अडखळत, जुळेल तशा इंग्रजीत ती बोलायला लागली —

"प्रार्थना सुरू झाली की आमच्या शाळेचं फाटक बंद व्हायचं. उशिरा आलेल्यांची नावं मी वहीत लिहायचे. वही हेडसरांकडं जायची, मग छड्या. एक मुलगा… रोज उशिरा यायचा. त्याच्यासमोर मी नाव लिहायचे. आणि वही देण्याआधी… खोडायचे. वर्षभर."

कीर्तनात बुवांचं पाठांतर मागं पडून मन बोलायला लागलं, की टाळकऱ्यांच्या हाताला ते आधी कळतं. शिवकांतचे हात तसेच टेबलावर थांबले.

"का?" त्यानं मराठीतच विचारलं.

"हा प्रश्न कार्डावर न्हाई."

"मग माझंही उत्तर कार्डाबाहेरचंच ऐक." त्यानं कार्ड पालथं घातलं. "मी कधीच उशिरा आलो न्हाई, ऋतुजा. शाळा उघडायच्या आधी येऊन भुजंगमामांच्या खोलीत बसायचो."

"घंटा द्यायचे, ते मामा?"

"तेच. प्रार्थना सुरू झाली की मामाच मागच्या दारानं बाहेर काढायचे. म्हणायचे — 'जाय आता, उशीर झाला बघ.'"

"पण कशासाठी?"

"तू माझं नाव लिहावं म्हणून."

ऋतुजानं मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाली होती. म्हणाली, "लय येडा हायस."

"गुण किती देऊ?"

"परीक्षक तू हायस."

आठ दिवसांनी खऱ्या परीक्षेत प्रश्न निराळेच आले, पण तिनं सगळं खरंखुरं सांगितलं. अर्धा गुण नव्हे, पूर्ण एक वाढला.

जायच्या दिवशी परभणी स्टेशनावर घरचे सगळे जमले, शिवकांतचा पत्ता नाही. ती जिन्याकडं बघून बघून दमली. गाडीनं शिट्टी दिली आणि तो चहाच्या टपरीमागून निघाला, खिडकीशी आला.

"कवापासून हायस इथं?"

"तासभर झाला."

ती हसली, डोळे पुसले. पर्समधून डायरी काढून त्याच्यासमोर त्याचं नाव लिहिलं. "दोन वर्षांनी येते. तवा मात्र वेळेवर ये."

गाडी हलली. पार पूर्णा स्टेशन आलं तरी डायरी उघडीच होती तिच्या मांडीवर. या वेळी तिनं नाव खोडलं नाही.

भुजंगमामा मागच्या साली देवाघरी गेले. या दोघांचं जुळलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तेव्हा माउलींनो, कुठं शाळेची घंटा कानावर पडली, तर त्यांची तेवढी आठवण काढा.