वळणावरचा तानिफा

तानिफाच्या गळ्यात कालपर्यंत मफलर नव्हता. आज होता. पिवळाधमक, टोकांना गोंडे लावलेला.

कुमुदिनीबाईंनी चष्मा पुसून पान पुन्हा पाहिलं. शेजारी बसलेली चार वर्षांची नात, जुई, खुशीत पाय हलवत होती.

"हे मी काढलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"माझं आहे. त्याला थंडी वाजत होती."

पुस्तक दिसायला साधं, जाड पुठ्ठ्याचं होतं. पण आतली पानं 'भावपानं' होती. कडेला मुलाचा अंगठा टेकला की पान त्याची नाडी मोजायचं. कोपऱ्यातला तिळाएवढा डोळा त्याची नजर टिपायचा. मूल घाबरलं की चित्र निवळायचं, कंटाळलं की गोष्ट वळण घ्यायची. जुनी चित्रपुस्तकं या पानांवर आणायची लाट आली, तेव्हा कुमुदिनीबाईंचं पुस्तकही त्यात गेलं. मूळ गोष्टीला धक्का लागणार नाही, असं प्रकाशकांनी तोंड भरून सांगितलं होतं.

मूळ गोष्ट! ती मिळवायला किती खेपा घातल्या होत्या. लग्न होऊन न्यूझीलंडच्या या नदीकाठच्या गावात त्या आल्या, तेव्हा इथे ओळखीचं माणूस एकच, शेजारची हुइया. हुइया इथली मूळची, माओरी. तिने तानिफाची गोष्ट सांगितली: नदीच्या वळणावर, वाकलेल्या विलोच्या झाडाखाली राहणारा, पाण्याची राखण करणारा महाकाय जीव. ऐकताना कुमुदिनीबाईंना आजोळचा कृष्णेचा डोह आठवला. तिथे आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असत, आणि त्या बाजूला कोणी पोर फिरकत नसे. तानिफा म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजवायची गरज पडली नाही.

पण गोष्ट छापायची तर हुइयाच्या वडीलधाऱ्यांना विचारायला हवं होतं. मराएवर, म्हणजे त्यांच्या सभाघरात, त्या तीनदा जाऊन बसल्या. शेवटी हुइयाची आजी त्यांना हाताला धरून वळणावर घेऊन गेली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला. वर कोमट, खाली बर्फ, आणि ओढ अशी की बांगडी निसटली. मफलर-बिफलरला होकार द्यायला ती आजी आता हयात नव्हती. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "झाड इथेच हवं. पाणी काळंच हवं. बाकी रंग तुझे."

मफलर दिसला त्याच संध्याकाळी बाई जुईला घेऊन नदीवर फिरायला गेल्या. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, ऊन अजून कडक होतं. विलो दिसला मात्र, जुईने हात सोडवला आणि उतारावरून धावत सुटली. बाईंचे गुडघे दुखरे, तरी त्या धावल्या. जुईचे पाय पाण्यात गेलेच होते. फ्रॉकचा मागचा बंद हाती लागला म्हणून बरं.

"सोड ना, आजी! तो पाठीवर बसवणार आहे. विलोखाली ये म्हणालाय!"

"कोण म्हणालं?"

"पुस्तकातला."

घरी येऊन पाहिलं तर खरंच. मफलरवाला तानिफा विलोखाली पाठ वाकवून 'ये, बस' म्हणत उभा होता, आणि पाणी निळंशार.

सून केतकी कामावरून आली. ऐकून तिचाही चेहरा उतरला, पण म्हणाली, "आई, आधी ती या पुस्तकाला घाबरून रडायची. आता हसते. कोणालाही हसणारं मूलच हवं असतं ना?"

"हसत हसत बुडालं तरी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तडक हुइया शिकवायची त्या, जुईच्याच बालवाडीत गेल्या. तिथली मुलं हुइयाला 'फाएआ' म्हणत, म्हणजे आपल्याकडची मावशी. गोष्टीचा तास चालू होता. हुइया मोठ्याने वाचत होती, पण प्रत्येक मुलाच्या मांडीवर त्याचं स्वतःचं पुस्तक. बाईंनी तिच्या कानात सगळं सांगितलं. हुइयाने हातातलं पुस्तक मिटलं.

"मुलांनो, तानिफा कुठे राहतो?"

"आमच्या बाथटबमध्ये!"

"माझा ऑस्ट्रेलियाला गेला. सुट्टीवर."

"विलोखाली! तिथे घसरगुंडी आहे!"

"आणि आइस्क्रीम!"

हुइया बाईंकडे वळली. "कुमुद, मी महिनाभर एकच गोष्ट वाचतेय असं समजत होते."

बाईंनी प्रकाशनसंस्थेला फोन लावला. एक मधाळ आवाजाचा तरुण बोलत होता. "मॅडम, तुमच्या पुस्तकाला सगळ्यात जास्त हसू मिळालंय. अभिनंदन."

"ते झाड धोक्याची खूण आहे हो! तिथे प्रवाह आत ओढतो. ती गोष्ट आहेच त्यासाठी!"

"पण मुलांना भीती आवडत नाही, मॅडम. पानं मुलांचंच ऐकतात."

"आणि ज्यांनी गोष्ट दिली त्यांचं कोण ऐकतं?"

थोडा वेळ कळा दाबल्याचे आवाज आले. "तुमच्या नातीची प्रत मूळ चित्रांवर कायम करतो. बाकीच्या प्रती त्या त्या पालकांच्या. त्यांनी एकेकाने कळवायला हवं."

हुइयाने पालकांना बोलावलं. दोघीच आया आल्या. एकीने घड्याळ बघत विचारलं, "म्हणजे माझ्या मुलाला मुद्दाम घाबरवायचं?" हुइया वळणाबद्दल, आजीबद्दल, पाण्याच्या ओढीबद्दल बोलत राहिली. ती आई मान डोलावत राहिली, आणि प्रकाशकांना काहीही न कळवता दोघी निघून गेल्या.

जुईच्या पुस्तकात पाणी पुन्हा काळं झालं. ती रडली, पुस्तक कोचाखाली सरकवलं, मग स्वतःच ओढून काढलं. केतकीने तिला जवळ घेऊन ते पान तिच्याबरोबर पुन्हा पुन्हा पाहिलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी जुई पुस्तक छातीशी धरून बालवाडीत गेली आणि थेट वर्गातल्या मिलीसमोर उभी राहिली.

"विलोखाली जायचं नाही. तिथे पाणी ओढतं. बघ."

मिलीने पाहिलं आणि नाक मुरडलं. "तुझं पुस्तक आजारी आहे. माझ्यातला तानिफा मला उद्या विलोखाली बोलावतोय."

"माझ्यातलापण!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळी मुलं आपापल्या पानांवर वाकून खिदळू लागली.

जुईने मागे वळून पाहिलं. आजी आणि फाएआ दारातच उभ्या होत्या.

"आजी," ती म्हणाली, "माझ्या पुस्तकात एक आहे, आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुस्तकांत दुसरं. मग ते माझं का ऐकतील?"