शेवटच्या बाकावरची आई

आमच्या निवासी शाळेत पूर्वी पालकांना फाटकापर्यंतच मुभा होती. ट्रंक उतरवायची, पोराच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि निघायचं. एकदा पोर आमच्या हवाली केलं की शिकवणं आमचं, रागावणं आमचं, तापात उशाशी बसणंही आमचंच. यंदा नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी फाटक उघडलं. पालकांनी हव्या त्या दिवशी यावं, शेवटच्या बाकावर बसून वर्ग बघावा.

"झालं! आता आया मागे बसून आपलीच तोंडी परीक्षा घेणार," गणिताचे सर कुरकुरले.

मला मात्र बरं वाटलं. आपलं माणूस समोर असलं की मुलं कशी खुलतात, ते मला बघायचं होतं.

माझ्या वर्गात एक नवी मुलगी होती. आल्यापासून तोंडातून शब्द नाही. पोरांनी तिचं नाव 'मौनीबाई' ठेवलं. जेवायची, लिहायची, बोलायची तेवढी नाही. घरी म्हणे तिची टकळी बंद व्हायची नाही. मोठ्या बाईंनी मला स्पष्टच सांगितलं, "सत्र संपेपर्यंत बघू. नाहीतर घरी पाठवावं लागेल." घरी एकटी आई, दवाखान्यात नर्स. ती ड्यूटीवर गेली की पोर कुलपाच्या आत. मी रोज मुलीला वाचायला उभं करायचो, वाट बघायचो आणि "बस हं, बाळ," म्हणायचो.

एका सकाळी फळ्यावर लिहून मी वळलो, तर शेवटच्या बाकावर एक बाई बसलेल्या. राखाडी स्वेटर, हात मांडीवर. मी मान लववली, त्यांनीही लववली. मौनीबाईला उभं केलं. तिने एकदा मागे पाहिलं आणि घडाघडा वाचायला लागली. वर्ग थक्क. मागे त्या बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

आईच ती, दुसरं कोण असणार?

मग त्या रोज येऊ लागल्या. तो बाक मोडका, कोणीही टेकलं की करकरायचा. त्यांच्या वजनाने कधी वाजला नाही. येताना त्या दिसायच्या नाहीत. घंटा झाली, मी डस्टर खाली ठेवला, की तेवढ्यात बाक रिकामा. मागच्या रांगेतली दंगेखोर पोरं मी ओरडण्याआधीच गप्प व्हायला लागली.

मोठ्या बाईंना म्हणालो, "आई रोज येते म्हणून पोरगी बोलायला लागली."

त्यांनी चष्मा काढला. "रोज? अहो, त्यांना रजाच मिळत नव्हती. उद्या पहिल्यांदा येतायत."

संध्याकाळी मी मुलीला गाठलं.

"बाळ, मागे बसतात त्या कोण?"

"आई."

"तुझी?"

ती विचारात पडली. "आईच आहे ती, सर. कोणाची, ते नाही विचारलं मी."

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, रात्रीच्या जागरणाने डोळे लाल. मुलगी धावत जाऊन बिलगली आणि एका दमात काय काय सांगू लागली. मी आईला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक करकरला.

तासभर माझी नजर तिथून हलली नाही. बाकावर ती एकटीच होती. फक्त अगदी कडेला, अंग चोरून बसली होती.

तास संपल्यावर ती डोळे पुसत, हसत बाहेर आली.

"सर, जिवाला नुसता घोर लागला होता. राहू दे पोरीला इथेच."

माझ्याही मनावरचं ओझं उतरलं.

"आणि शेजारच्या त्या बाई किती मायाळू हो! म्हणाल्या, जाताना मागे वळून बघू नका, पोर कासावीस होते. निश्चिंत जा, मी आहे."

मुलीच्या गालावरून हात फिरवून ती निघाली. फाटकाशी एकदाही न वळलेली आई मी उभ्या हयातीत पाहिली नव्हती.

ही वळली नाही.

मी पायऱ्यांवरच थांबलो. बाकीची सगळी मुलं मैदानावर होती.

वर्गातून मौनीबाईच्या वाचनाचा आवाज येत होता. एका शब्दाशी ती अडखळली. थांबली.

"हो, कळलं," म्हणाली, आणि तो शब्द नीट उच्चारून पुढे वाचू लागली.