गुडघाभर खड्डा

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा भंडाऱ्याच्या रेकॉर्ड रूममधले निम्मे गठ्ठे तिकडे गेले, आणि कुठला कुठं पडला हे देवालाच ठाऊक. त्यातून कीर्तीला पणजोबांच्या मरणाचा पंचनामा मिळाला, हेच नवल. तुमसरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी बाई ती, नवलाला योगायोग म्हणायची.

पणजोबा कृष्णराव आंधळगावातल्या घरात, हातमागावर बसले असताना गेले. खून सख्ख्या भावानं, भय्याजीनं केला असं ठरलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं पाणी तुटलं. आता त्याच घरात, मागाच्याच खोलीत कीर्तीचे वडील गोपाळराव खाटेला खिळले होते आणि त्यांचा एकच धोशा होता.

"मधुकरच्या हातचं पाणी प्याचं हाय मले. पण आज्याले मारणाऱ्याच्या नातवाच्या हातचं कसं पिऊ, सांग?"

पंचनाम्यात होतं: मान मोडलेली, दोन्ही मनगटांवर बोटांचे वळ. सोबत भय्याजीचा एवढाच जबाब: 'मी त्याला खड्ड्यातून वर ओढत होतो.'

आता काय बोलावं! मागाचा खड्डा तो केवढा? विणकर काठावर बसतो, पाय खाली पावड्यांच्या पट्ट्यांवर. गुडघाभर खोल. त्यातून धडधाकट माणसाला ओढायचं कशाला? पण खोटंच बोलायचं तर माणूस बरं खोटं बोलेल, असं कीर्तीला वाटलं. तिनं मधुकररावांना बोलावून घेतलं.

ते आले, पण उंबऱ्यातच थबकले. "हा खड्डा बुजवला नाही काहून?"

कोष्ट्यांत माणूस मागावर बसल्या जागी मेला तर खड्डा मातीनं बुजवतात. पण खटला चालू होता, पोलिसांनी हात लावू दिला नाही, आणि पुढं बुजवू बुजवू म्हणत राहूनच गेलं. वर नुसती फळी होती.

कीर्तीनं फळी सरकवली. "बघू तर खरं," म्हणत ती काठावर बसली आणि पाय खाली सोडले.

पाय टेकले नाहीत.

ती थोडी पुढं सरकली. तरी नाही. तळव्यांना गार, ओला वारा लागत होता.

मग ती घसरली. कमरेपर्यंत. छातीपर्यंत.

"काका!"

मधुकररावांनी तिची दोन्ही मनगटं धरली आणि भिंतीला पाय रोवून ओढलं. एकट्या बाईचं वजन नव्हतं ते.

ती वर आली. नंतर काठी घालून पाहिली तर खड्डा गुडघाभर, तळ कोरडा, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं.

खाटेवरून गोपाळरावांनी सगळं पाहिलं होतं. ते ढसाढसा रडले. "माफ कर रे मधुकर. आमी उगाच बट्टा लावला." मधुकररावांनी गडव्यानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. कीर्तीलाही रडू आवरेना. इतक्या वर्षांचं भांडण मिटलं होतं.

गोपाळराव पोटभर प्याले आणि समाधानानं डोळे मिटून म्हणाले, "आता त्यायलेबी दे थोडं. केव्हाचे खालून मांगून राह्यले."