सात नंबरच्या आजींची नाडी

धाकटी पेशंटची नाडी मोजायची ती पूर्ण मिनिटभर. घड्याळाचा काटा बारावरून निघून पुन्हा बारावर येईपर्यंत तिची तीन बोटं पेशंटच्या मनगटावरून हलायची नाहीत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळशीपणा तिच्या नर्सिंग कॉलेजच्या बाईंना अजिबात खपत नसे. बाई म्हणायच्या, "गुणाकाराची एवढी हौस असेल तर बँकेत जा." परदेशातल्या या वॉर्डात तर पंधरा सेकंदही कोणी मोजत नव्हतं. पेशंटच्या बोटाला चिमटा लावायचा, पडद्यावरचा आकडा चार्टमध्ये उतरवायचा की पुढची खाट. त्यामुळे मनगट धरून घड्याळाकडे टक लावून बसणारी ही नवी नर्स म्हणजे सगळ्यांची करमणूक होती. तिला 'मिनिटवाली' असं नावही पडलं होतं. तिला त्याचा राग यायचा नाही. तिशी उलटली तरी घरी ती धाकटीच होती, नावं पाडून घ्यायची सवय होती.

आठ वर्षांचा अनुभव, परीक्षा, कागदपत्रं असं सगळं पदरात असूनही पहिले सहा महिने तिने मोठ्या सिस्टरच्या नजरेखाली काम करायचं होतं. मोठी सिस्टर उंच, गुडघ्यांनी त्रासलेली आणि बोलायला फटकळ होती. पण पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःचा जुना स्वेटर धाकटीच्या अंगावर फेकला होता. "थंडीने आजारी पडलीस तर ड्युटी कोण करणार?" असं वर सुनावलंही होतं. धाकटीला ती तेव्हाच आवडली.

मागे घरी आई, दादा आणि वहिनी. आईचं हृदय जरा हट्टी होतं. कॉलेजात असताना धाकटीने नाडी मोजायचा सराव आईच्याच मनगटावर केला होता आणि तेव्हाच तिला ते कळलं होतं. तीन ठोके सरळ, मग एक रिकामी जागा, मग उशीर झाल्यासारखा एक घाईचा ठोका. आई जिना चढायची तशी तिची नाडी चालायची. गोळ्या सुरू होत्या, डॉक्टरांना माहीत होतं, काळजीचं तसं काही नव्हतं. तरी निघायच्या दिवशी बॅगा दारात असताना आईने हात पुढे केला होता.

"मोजून घे. आता कोण मोजणार?"

"दादा मोजेल की."

दादा मोजणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. धाकटीने ते मिनिट पूर्ण केलं आणि निघाली. आपण आईला टाकून आलो, ही टोचणी तेव्हापासून तिच्या मनातून गेली नव्हती.

सात नंबरच्या खाटेवर आजी आल्या त्या पाय घसरून पडल्यामुळे. खुब्याचं ऑपरेशन होऊन वॉर्डात आलेल्या, पांढऱ्या केसांच्या, चणीने लहान. बोलणं जवळजवळ नाहीच. काही दिलं की हसायच्या. भेटायला कोणी येत नव्हतं. खाटेशेजारच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा आणि एक बोडकं झाड दिसे, तिकडे त्या बघत पडायच्या.

पहिल्या सकाळी साडेआठला धाकटीने त्यांचं मनगट धरलं. काटा बारावर होता. तीन ठोके. रिकामी जागा. एक घाईचा ठोका.

तिने काटा पूर्ण फिरू दिला. मग पुन्हा एकदा फिरू दिला. अशा नाड्या पुष्कळांच्या असतात, हे तिला पक्कं माहीत होतं. पण आईची हाक जशी गर्दीतही कळते तशी ही नाडी कळली. 

जे मोजलं ते लिहायचं, ही सवय. तिने चार्टमध्ये 'अनियमित' असं लिहिलं. तरुण डॉक्टर आला, आजींच्या छातीला तारा लावून त्याने कागद काढला. ठोके पट्टीने मोजून आखल्यासारखे सारख्या अंतराने निघाले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच लिहिलं. मग मोठी सिस्टर स्वतः खुर्ची ओढून बसली आणि धाकटीच्या आग्रहाखातर तिने अख्खं मिनिट मोजलं.

"बहात्तर. घड्याळापेक्षा नेटकी आहे," ती म्हणाली. "तुझ्या बोटांना झालंय काय?"

"झोप कमी झाली असेल."

"मग झोप. आणि यंत्र सांगेल ते लिही. तिसऱ्यांदा असं झालं तर मला वर कळवावं लागेल, आणि मला कळवायचं नाहीये."

तेव्हापासून ती यंत्राचा आकडा लिहू लागली. मोजणं मात्र सोडलं नाही. सगळ्या खाटा आटोपल्या की शेवटी ती सातकडे यायची. आजी आपणहून हात पुढे करायच्या. त्या एका मिनिटात तिला घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारच्या फोनवर आईच म्हणाली, "दुपारी पडले ना, की कोणीतरी मनगट धरतं बघ माझं."

"कोण धरणार?"

"तेच तर. ओली, गार बोटं. तीन. दवाखान्यातला तो वास येतो, हाताला चोळता ना तुम्ही, त्याचा. मला वाटतं तुझी आठवण येते म्हणून होत असेल."

इकडचे साडेआठ म्हणजे तिकडे दुपार, जेवणं आटोपून आई आडवी झालेली. धाकटीने विषय बदलला, पण फोन ठेवल्यावर वहिनीला वेगळा फोन केला. उद्या बरोबर अमुक वाजता आईची नाडी पूर्ण मिनिट मोज, रिकाम्या जागाही मोज, काही विचारू नकोस.

"परीक्षा घेतेस की काय माझी?" वहिनी हसली. पण मोजली. अडुसष्ट ठोके, सतरा जागा.

धाकटीच्या तळहातावर त्याच मिनिटाची आजींची नाडी पेनने लिहिलेली होती, अडुसष्ट, सतरा.

ती दिवसभर तो हात मिटून वावरली. भीती वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. एवढ्या लांबून आईचं मनगट हाती लागलं होतं, ते कसं लागलं हे विचारून ते घालवायची तिची छाती नव्हती.

पुढच्या आठवड्यातल्या एका सकाळी आजी उशीला टेकून न्याहारी करत होत्या. पडद्यावर चौऱ्याहत्तर. धाकटीने बोटं ठेवली आणि तिला मोजताच येईना. नाडी धावत होती, दोऱ्यासारखी बारीक, बोटांखालून निसटत होती. आजी ब्रेडचा तुकडा चावत तिच्याकडे बघून हसल्या.

ड्युटीवर फोन वापरायची बंदी होती. तिने जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"आईला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये ने."

"अगं, ती झोपलीये मस्त. आत्ताच जेवली."

"दादा, उठव तिला!"

पलीकडे चपलांचा आवाज, दाराचा आवाज. मग दादाचा बदललेला आवाज. "घामाने भिजलीये गं. बोलत नाहीये नीट."

आई वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवसांनी ती घरी आली, औषधं वाढली, दिवसभर पडून राहायची ताकीद मिळाली. तुला कसं कळलं, हे दादाने दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा, मनात आलं, असं सांगितलं. मोठ्या सिस्टरने फोनबद्दल तिला खरपूस झापलं आणि संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत सोबत केली.

मग आजींना न्युमोनिया झाला.

म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात तो होतो, धाकटीने शंभरदा पाहिलं होतं. पण या वेळी ती सात नंबरची खाट सोडेना. ती आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, ओठ ओले करायची, चमच्याने पाणी पाजायची, सुट्टीच्या दिवशीही येऊन बसायची. सगळे म्हणत, किती जीव लावते ही पोरगी. लावतच होती. पण त्यातला निम्मा जीव दुसऱ्याच कोणासाठी होता आणि आजींच्या डोळ्यांत बघताना तिला त्याची लाज वाटायची.

"माझ्यासाठी तरी थोडं पाणी घ्या," ती आपल्या भाषेत म्हणायची. आजी घ्यायच्या.

पडद्यावरचे आकडे रोज उतरत गेले. बोटांखाली आईची नाडी होती तशीच होती.

त्या सकाळी स्वच्छ ऊन होतं. नऊला दहा मिनिटं असताना आजींनी एक श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. पडद्यावरची रेघ आडवी झाली. तरुण डॉक्टर आला, छातीला नळी लावून ऐकलं, डोळ्यांत प्रकाश टाकला.

"तू मोज," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुझ्या पद्धतीने. पूर्ण मिनिट."

तिने मनगट धरलं. काटा बारावर आला.

तीन ठोके. रिकामी जागा. एक घाईचा ठोका.

आजींचा हात तिच्या हातात गार होत होता. ओठ निळे पडले होते.

तीन ठोके. रिकामी जागा.

सोडला तर काय होईल? काटा सहावर आला. नऊवर आला. डॉक्टर वाट बघत होता. मोठी सिस्टर खाटेच्या पायाशी उभी होती.

काटा बारावर आला.

"काही लागतंय?" डॉक्टरने विचारलं.

घाईचा ठोका.

"नाही," ती म्हणाली. तिने एकेक बोट उचललं.

डॉक्टरने वेळ लिहिली. धाकटी चालत दारापर्यंत गेली आणि दाराबाहेर धावत सुटली.

जिन्यातून तिने आईला लावलेला फोन चार वेळा वाजला.

"बोल गं," आई म्हणाली.

धाकटी पायरीवर बसली. रडू फुटलं ते तिने हाताने तोंडातच दाबलं. "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये! पडलेय आपली. आज फार वेळ धरलास गं हात."

"हो. झालं आता. सोडला."

"कुठे सोडलायस?"

"आई, मी जिन्यात बसलेय. सोडलाय मी."

 आईचा आवाज खाली आला, शेजारी कोणी नुकतं निजलेलं असावं तसा.

"खरंच गं, तुझा नाहीये हा. कोणा म्हातारीचा हात आहे. घट्ट धरलंय बिचारीने."

"आई, झटक तो. उठून बस."

"ओरडू नकोस. किती गार पडलाय बघ. थांब, फोन ठेवते खाली, एका हाताने पांघरूण ओढता येत नाही."

फोन गादीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग हळूच चादर ओढल्याचा.