सोडलेला चेंडू

टोपलीखाली एक लाल कोंबडा. पायाला दोरी, दोरीच्या टोकाला वीट.

अडुसष्ट–एक्केचाळीस.

मक्याचं पीठ घामावर बसलं की आधी पांढरं दिसतं, मग राखाडी, मग दिसतच नाही. हाताला मात्र लागतं.

तीन फूट. नेम धरणारीच्या पायापासून अडवणारीचा पाय इतका लांब हवा. बोटभर कमी पडलं तरी शिट्टी.

चिपेरोनी पडत नाही. डोंगरापलीकडून येते आणि नको असलेल्या पाहुण्यासारखी तीन-तीन दिवस बसून राहते. पाऊस म्हणावा तर छत्री उघडायची लाज वाटते, धुकं म्हणावं तर अंथरूण ओलं.

"कोंबडी उडते का गं?"
"विमानानं उडते."

*

ब्लांटायरमधल्या सिमेंटच्या मैदानावर मे महिन्यात नेटबॉलच्या राष्ट्रीय संघाचं शिबिर लागलं. युगांडाच्या मुली जूनच्या मध्यात तीन कसोट्या खेळायला येणार होत्या. त्यांच्याकडे नान्तोंगो होती... सहा फूट तीन इंच उंच, चेंडू तिच्या हातात गेला की गोल झालाच म्हणून समजायचं. तिला अडवायचं काम फात्सानीचं. आणि ॲडलेडच्या एका क्लबची बाई तिन्ही सामने बघणार होती. तिला बचावाला एक मुलगी हवी होती. एकच. फात्सानी चोवीस वर्षांची होती. अशी बाई पुन्हा कधी येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक?

लिम्बिकानी त्या दिवशी नुसता पीठ घेऊन आला होता. न्दिरांडेच्या गिरणीतला माणूस, खांद्यावर पोतं, भुवया पांढऱ्या. स्वयंपाकघराकडे निघाला होता, तेवढ्यात प्रशिक्षक माई काचिंग्वेंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"ए पीठवाल्या. उंची किती?"

"सहा-चार, माई."

"बास्केटबॉल खेळलायस?"

"शाळेत."

"पोतं ठेव. हा नेम धरणारीचा पट्टा घाल. तू नान्तोंगो."

मुली खिदळल्या. "भाऊ, स्कर्ट आणू का?" एकीने विचारलं.

चेंडू उंच आला. तो उडाला. फात्सानी त्याच्या मागून उडाली — आणि चेंडू तिच्या हातात होता. तो सिमेंटवर बसलेला, आणि तिच्या पाठीवर पिठाचा अख्खा पंजा.

"सोडला मी," तो खालूनच म्हणाला. "मुद्दाम. बाईमाणूस म्हणून."

"खोटारडा."

"देवाशपथ सोडला."

"आधी ऊठ... मग शपथा घे."

*

गिरणी बंद झाली की तो रोज यायला लागला. माईंच्या फोनवर बघून बघून त्याने नान्तोंगोला जणू अंगात घेतलं. ती मांडीवर तळवा पुसते तसा पुसायचा, ती पाठ देऊन उभी राहते तसा उभा राहायचा. दिवसाला चाळीस चेंडू. तो पकडणार, फात्सानी अडवणार. आणि एखादा त्याच्या हातात गेलाच, तर तीन फुटांवरून हात उंचावून ती त्याचा नेम झाकणार.

"डोळ्यांपुढचा हात काढ."

"नियमात बसतं."

"काही दिसत नाही मला."

"कडं वर आहे. तू कुठं बघतोयस?"

"...खाली."

"खाली काय आहे?"

त्याने सांगितलं नाही. तिचा पाय आपोआप पुढे सरकला आणि माईंची शिट्टी वाजली. "फात्सानी, तीन फूट. लग्नात उभी नाहीयेस तू."

नळापाशी तो म्हणाला, "मामाने कोंबडा घेतलाय. लाल. टोपलीखाली ठेवलाय."

"खा मग."

"खायचा नाही. मालिका संपली की तो घेऊन तुझ्या मामाकडे मागणी घालायला जाईन म्हणतो. विचारत होता, त्या अंगणात कोंबडी आहे ना?"

तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, म्हणजे तोंड लपवायला कारण मिळालं. "आहे की. पण ती उडणार आहे."

"कोंबडी उडते का गं?"

"विमानानं उडते."

तो हसला. जरा उशिरा हसला.

*

जून लागला, थंडी आली, आणि फात्सानीचे हात जड झाले. एका दिवशी चाळीसपैकी तीन. ती नळापाशी डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. टॉवेलखालून तिला त्याचे बूट तेवढे दिसत होते. ते बराच वेळ तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी तिने नऊ अडवले.

मग चौदा. मग वीस. पहिल्या कसोटीच्या आदल्या संध्याकाळी सत्तावीस. "वाचायला लागलीस पोरी," माई म्हणाल्या. माई असं वर्षातून एकदा म्हणत. त्या संध्याकाळी दोघं फाटकापाशी भाजलेली रताळी खात उभी राहिली. तो सालं काढायचा, फुंकर घालायचा, तिला द्यायचा. रताळं संपलं तरी त्याचा हात तिच्या हातात राहिला — गरम, खरखरीत, पिठाळ.

"पाठवू का मामाला?"

"उद्याचं होऊ दे आधी," ती म्हणाली. पण हात काढून घेतला नाही... म्हणजे काय ते त्याने समजायचं.

*

पहिला डाव: युगांडा अठरा–दहा.
दुसरा डाव: छत्तीस–एकवीस.

पत्र्यावर चिपेरोनी बसली होती. नाचणाऱ्या बायका थांबल्या, मग ढोल थांबला. फात्सानी डावीकडे झेपावली की चेंडू उजवीकडे. उजवीकडे गेली की नान्तोंगो जागच्या जागी. तिसऱ्या डावात माईंनी तिला बाहेर काढलं.

बाकावर बसून तिने पहिल्यांदा नान्तोंगोला नीट पाहिलं. तळवा मांडीवर पुसला — अगदी लिम्बीसारखा. पाठ दिली — अगदी लिम्बीसारखी. मग चेंडू आला... आणि नान्तोंगोने कुठेच पाहिलं नाही. चेंडू हातात येईपर्यंत तिचे डोळे मेलेल्या माशाचे होते.

लिम्बी पाहायचा. डावीकडे जायचं असलं की आधी, निमिषभर, डावीकडे.

पाच आठवडे फात्सानी नान्तोंगोला वाचायला शिकतच नव्हती. ती लिम्बीला वाचायला शिकली होती.

समोरच्या खुर्चीवर ॲडलेडच्या बाईने वही मिटली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

*

सकाळी गिरणीपुढे बायकांची रांग होती, डोक्यावर मक्याची घमेली. फात्सानी सरळ आत निघाली.

"अगं ए, रांगेत ये."

"पीठ नकोय मला."

"मग काय गिरणीवाला हवाय?" बायका हसल्या. मग एक म्हणाली, "ही कालची ना? अडुसष्ट गोलवाली?" आणि हसू तिथेच राहिलं.

"किती?" फात्सानीने विचारलं. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. "किती सोडलेस, लिम्बी?"

त्याने इंजिन बंद केलं. पट्टा फटफट करत थांबेपर्यंत दोघं उभी राहिली.

"मोजले नाहीत."

"रोज?"

"त्या दिवशी तू नळापाशी बसली होतीस... मला बघवेना. म्हटलं, एक देऊ. एकच."

"मग?"

"मग तू हसलीस."

तिने ओठ चावला. "ती बाई काल वही मिटून बसली होती. एक विचारते, खरं सांग. मी इथंच राहावं म्हणून केलंस?"

नाही म्हणायला एक श्वास पुरतो. त्याचे तीन-चार झाले. पांढऱ्या भुवयांखाली त्याचे डोळे तिला पहिल्यांदाच म्हातारे वाटले.

"माहीत नाही, फात्सानी."

रांगेतल्या पहिल्या बाईने घमेलं खाली ठेवलं. "अरे देवा. निदान खोटं तरी बोलायचं होतंस, पोरा."

"तेच तर करत आला इतके दिवस," फात्सानी म्हणाली.

*

दुसरी कसोटी एकोणसाठ–सेहेचाळीस. तिने ती बाकावरून पाहिली. मालिका गेली. तिसरा सामना आता सगळ्यांसाठी नावापुरता होता, एकटीला सोडून.

"मला उतरवा, माई."

"कशाच्या जिवावर?"

"चार दिवस द्या. आणि त्याला बोलवा."

"पीठवाल्याला? तुमचं तर फाटलंय म्हणे."

"म्हणूनच बोलवा."

तो आला. पट्टा घातला. पहिल्या दिवशी चाळीसपैकी तिला दोन मिळाले. दुसऱ्या दिवशी चार. सिमेंट ओलं, गुडघे सोललेले, आणि दोघांत एकच शब्द — "पुन्हा." तिसऱ्या दिवशी त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. रक्त हनुवटीवर आलं, तसा तो थांबला. हात अर्धा पुढे झाला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "आता तरी थांबू नकोस."

चौथ्या दिवशी अकरा. अकराच्या अकरा झगडून घेतलेले.

तो आता डावीकडे पाहत नव्हता, उजवीकडे पाहत नव्हता. तिच्याकडेही पाहत नव्हता. मेलेल्या माशाचे डोळे त्यालाही जमले होते... आणि ते तिनेच मागून घेतले होते. त्या संध्याकाळी फाटकापाशी रताळीवाली होती. ती दोघं तिच्या दोन बाजूंनी निघून गेली.

*

बावन्न–एकोणपन्नास. संघ हरलाच.

पण नान्तोंगोच्या हातचे सहा चेंडू फात्सानीने काढले. शेवटच्या डावात नान्तोंगोने तीनदा मांडीवर तळवा पुसला, लागोपाठ. सामना संपल्यावर तिने वाकून फात्सानीच्या गालाला हात लावला. "दहा दिवसांत काय केलंस गं? कुणाबरोबर खेळत होतीस?"

"एका गिरणीवाल्याबरोबर."

ॲडलेडच्या बाईची वही शेवटपर्यंत उघडी होती.

*

ऑगस्टमध्ये चिलेका विमानतळावर फात्सानीची आई, मावश्या, मामा, सगळे निरोपाचं गात होते. लिम्बिकानी मागे भिंतीला टेकून उभा होता, गिरणीतून तसाच आलेला. ती त्याच्याकडे गेली. तीन फुटांवर थांबली, पायांची सवय.

"कोंबडा?"

"मामीने शिजवला."

"चिवट असेल."

"चिवट होता."



"मी थांब म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण आवडतेस तू मला. ते एवढं तरी सोडलेलं नाही."

"मलाही आवडायचास. तेच तर वाईट झालं... त्या सत्तावीस चेंडूंनीच आवडायला लागलास." मग हळू आवाजात, "लिम्बी, त्या पाच आठवड्यांत एक तरी माझा होता का?"

"पहिल्या दिवशीचा. तो तुझाच होता."

"तो तर तू सोडलास. देवाशपथ म्हणाला होतास."

"फुशारकी होती ती. मी जमिनीवर बसलेलो, मुली हसत होत्या... काय बोलणार?" बोलता बोलता त्याची नजर निमिषभर डावीकडे गेली.

ती नजर तिला पाठ होती.

"पुन्हा सोडतोयस," ती म्हणाली. रागाने नाही. तिने हात लांब केला, त्याच्या भुवईवरचं पीठ अंगठ्याने पुसलं आणि वळली. दारातून आत जाईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. बोटं मात्र एकमेकांवर घासत होती, पीठ जात नाही तशी.

मे महिन्याच्या सहा तारखेला, पहिला चेंडू आला तेव्हा लिम्बिकानी दोन्ही हात ताणून, होता नव्हता तेवढा जोर लावून उडाला होता, आणि तो चेंडू त्याच्या बोटांना लागलाच नव्हता.